मैहर बँड : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, त्यांची शाळा आणि कुणालाच नावानं माहीत नसलेली ती पोरं

तरफेची_तार (धागाकर्ती)

मैहर घराणं (सतार-सरोद वाजवणाऱ्यांची परंपरा) म्हटलं की आपल्याला कोण आठवतं? रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी, झालंच तर पन्नालाल घोष. सगळे एकेकटे बैठक मारणारे, मागे तानपुरा नि बाजूला तबला. पण ज्या माणसानं हे सगळे घडवले त्यानं मैहरात आल्याआल्या जे पहिलं मोठं काम केलं ते म्हणजे गावातली अनाथ मुलं गोळा करून त्यांचा बँड उभा केला. हे मला सतार शिकायला लागून बरीच वर्षं होईपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं, आमच्या क्लासात भिंतीवर बाबांचा फोटो होता तरी! (बाबा म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, सगळे शिष्य त्यांना बाबाच म्हणायचे, धाग्यात मीही तेच लिहिते.)

तर थोडक्यात गोष्ट. बाबा मूळचे पूर्व बंगालचे, शिबपूर गाव, ब्राह्मणबाडिया, आता बांगलादेशात येतं. लहानपणी घर सोडून पळाले. कलकत्त्यात नुलो गोपाल नावाच्या गवयाकडे गळ्याची तालीम, ते गेल्यावर वाद्यांकडे वळले आणि मग जे मिळेल ते शिकत सुटले. हाबू दत्तांच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं (हे हाबू दत्त स्वामी विवेकानंदांचे नातलग), नाटक कंपनीत वाजवलं, सनई, मृदंग, क्लॅरिनेट, व्हायोलिन, काही म्हणून सोडलं नाही. नंतर सरोदसाठी अहमद अली खाँ, आणि शेवटी रामपूरला वझीर खाँ, थेट तानसेनाच्या परंपरेतले बीनकार (रुद्रवीणा वाजवणारे). तिथं दाद लागेना म्हणून नवाबाच्या गाडीपुढे आडवे झाले असं सांगतात. रामपुरात असतानाही दरबारच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवतच होते. म्हणजे बघा, वृंदात बसायची सवय या माणसाला आयुष्यभराची होती, मैहरला येऊन अचानक सुचलेलं ते खूळ नव्हतं.

१९१८ च्या आसपास मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना दरबारात बोलावलं, स्वतःचे गुरू म्हणून. मैहर म्हणजे काय, सतना आणि कटनीच्या मधलं एवढंसं संस्थान, डोंगरावर शारदामाता आणि जमिनीत चुनखडी. त्याच सुमाराला रोगाच्या साथी आल्या, घरंच्या घरं रिकामी झाली, पोरं उघडी पडली. महाराजांच्या आणि बाबांच्या बोलण्यातून असं निघालं की या मुलांना जेवूखाऊ घालू, वाद्यं हातात देऊ. त्यांना ना घराणं, ना घरात कधी तंबोरा बघितलेला. बरीचशी अक्षरओळख नसलेली. त्यांच्या हाती सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम, तबला, ढोलक दिले. आणि एक वाद्य तर बाबांनी घडवलंच, नलतरंग, संस्थानच्या जुन्या बंदुकांच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून. काठीनं वाजवायचं, जलतरंगासारखं. वर सितार-बँजोसारखी जोडवाद्यं, आणि चंद्रसारंग हे गजानं वाजवायचं वाद्यही बाबांचंच. धाकटे भाऊ आयेत अली खाँ वाद्यं बनवण्यात पटाईत, दोघांनी मिळून सरोदची ठेवणच बदलली, आज मैहर घराण्याचा जो सरोद दिसतो तो त्यातूनच आलाय.

हा बँड १९२० च्या दशकात लखनौच्या संगीत परिषदेत वाजला, म्हणजे आपल्या संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या परिषदेत. आणि मुख्य म्हणजे टिकला. राजे गेले, संस्थान गेलं, बाबा १९७२ मध्ये गेले, बँड आहे. आता त्याला मैहर वाद्यवृंद म्हणतात.

माझं म्हणणं असं की बाबांची शाळा ती हीच. १९५५ साली मैहरात रीतसर संगीत महाविद्यालय सुरू झालं ते त्यांनीच केलं, पण शिकवायचं कसं हे त्याआधी पस्तीसेक वर्षं ते या पोरांवर शिकत होते. सगळ्या वाद्यांना एकच माणूस शिकवतोय, सगळ्यांना एकच बंदिश, प्रत्येक वाद्याला ती आपापल्या हातानं बसवायची. आणि मग रविशंकर १९३८ मध्ये तिथं पोचले तेव्हा त्यांना जो गुरू मिळाला तो आधीच तयार झालेला होता.

चर्चा करा. असहमत असाल तर जास्त मजा येईल.

---

विलंबित_एकताल

मस्त धागा ताई! बंदुकीच्या नळ्यांचं वाचून थक्क झालो. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं आणि इथं बंदुका कापून भूप वाजवतायत. याला म्हणतात शस्त्रसंधी. :)

एक शंका, पोरं अक्षरओळख नसलेली म्हणता तर नोटेशन काय होतं? की सगळं तोंडीच?

---

तरफेची_तार

@विलंबित_एकताल तोंडीच बहुतेक, गाऊन. बाबा सरोद शिकवतानाही गाऊनच शिकवायचे, त्यांची मुलगी अन्नपूर्णाबाईंनी पुढं मुंबईत तेच केलं, बासरीवाल्याला सुद्धा गळ्यानं. गाऊन शिकवलं की वाद्य कुठलं याला महत्त्व राहत नाही, हाच तर बँडचा पाया.

---

खर्जातला_सा

धागा चांगला आहे, मेहनत दिसते. पण बँडला एवढं डोक्यावर घेण्याचं कारण कळलं नाही, म्हणून विरोधी पक्ष मी.

आपल्या संगीताचा जीव कशात आहे? आलापात, उपजेत, म्हणजे त्या क्षणी सुचण्यात. यमनचा निषाद मी आज कुठं लावीन ते मलाच माहीत नसतं आणि तिथं पंधरा जणांनी एकाच वेळी एकच ठरलेली गत वाजवायची म्हणजे ती कवायत झाली. त्यातून हार्मोनियम आणि तुमचं ते नलतरंग, दोन्हीचे स्वर खिळे ठोकल्यासारखे पक्के. सरोदवाला मींड घेऊन, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत, कोमल रिषभाला अजून जरा खाली आणणार तर शेजारी लोखंडाची नळी आपल्या जागेवरून हलत नाही. भैरवचा रे आणि मारव्याचा रे एकच करून टाकायचा का? वृंद म्हटला की हे होणारच, त्यात बाबांचाही इलाज नाही.

आणि पुरावा काय तर बाबांनी स्वतःच्या पोराला काय दिलं ते बघा. अली अकबरला बँडमास्तर केलं का? नाही. रात्रंदिवस बसवून एकट्याचा सरोद दिला, इतका की पोरगा पळून गेला. मुंबईला. १९३८ ला मुंबई आकाशवाणीवर वाजवलं त्यानं, तबल्याला अल्लारखाँ. मुलीला सूरबहार (सतारीसारखं, पण खर्जातलं वाद्य) दिला, तोही एकटीचा, नि तो तर वृंदात शोभायचाच नाही. म्हणजे खरं सोनं घरात, आणि बँड महाराजांच्या हौसेसाठी. राजाला विलायती पाहुणे आले की ऐकवायला बँड लागायचाच तेव्हा, प्रत्येक संस्थानात होता. मैहरचा टिकला इतकंच.

---

मडगावचो_भाव

खर्जातला_सा, तुमचं पटत नाही पण आधी आमच्या गोव्याचं एक सांगून घेतो कारण ते कुणीच सांगणार नाही.

बाबांनी कलकत्त्यात व्हायोलिन कुणाकडं घेतलं? लोबो. बँडमास्तर, गोंयकार. पाश्चात्त्य पद्धतीनं, नोटेशनसकट. तेव्हा कलकत्ता काय, मुंबई काय, रंगून काय, जिथं जिथं ब्रिटिशांचा बँड, संस्थानिकांचा बँड, मूकपटाच्या थेटरातला ऑर्केस्ट्रा, तिथं गोवेकर बसलेलाच असायचा. कारण आमच्याकडं चर्चच्या शाळेत मेस्त (संगीतमास्तर) असायचा तो पोरांना सात-आठ वर्षांपासून सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरवाचन) घोटवून घ्यायचा, वाचता आलंच पाहिजे, मग व्हायोलिन. आणि ती पोरं कुणाची? गरिबाघरची, भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर राहणाऱ्यांची. त्यांना वाद्य म्हणजे पोट होतं. मैहरच्या पोरांचं वाचून मला तेच आठवलं.

पुढची साखळी बघा. माजोर्ड्याचा आंतोनी गोन्साल्विस, आमच्या सासष्टीतलाच, मुंबईत फिल्म लाइनला व्हायोलिन वाजवायचा आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना शिकवलं त्यानं. त्याला हिंदुस्थानी रागाचं वेड लागलं आणि १९५८ ला त्यानं स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, रागावर आधारलेल्या रचना, लतादीदी आणि मन्ना डे गायला, झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम. पुढं काय टिकला नाही. पैशाचं सोंग आणता येत नाही. मैहरला निदान राजा होता.

म्हणजे एक गोवेकर बंगाल्याला व्हायोलिन शिकवतो, तो बंगाली बघेलखंडात जाऊन बँड काढतो, आणि चाळीसेक वर्षांनी दुसरा गोवेकर मुंबईत उलट्या बाजूनं तेच करून बघतो. हे मला एकट्याच्या बैठकीपेक्षा जास्त भारी वाटतं राव.

---

कांदेपोहे_विदाऊट_कांदा

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

यंत्रशाळा_पिंपरी

नलतरंगावर कुणीच पुढं बोलेना म्हणून मी बोलतो, आयुष्य पाइप कापण्यात गेलंय.

नळीत फुंकली तर आतली हवा वाजते, तिथं लांबी अर्धी केली की स्वर एक सप्तक वर. पण काठीनं ठोकली तर हवा नाही वाजत, नळीचं लोखंड वाकून कंप पावतं, आणि तिथं हिशोब वर्गाचा. लांबी अर्धी केली तर स्वर चौपट, म्हणजे दोन सप्तकं वर. एका सप्तकासाठी लांबी साधारण ०.७१ पट करायची. त्यामुळे षड्जाची नळी समजा हातभर असली तर तार षड्जाची काही अर्ध्या हाताची नसते, बऱ्यापैकी लांबच असते, आणि मधले सगळे स्वर तेवढ्याशा फरकात बसवायचे. म्हणजे एखाद्या सुतानं चुकलं तरी कान पकडतो.

दुसरं, कापून स्वर चढतो. जास्त कापली गेली की ती नळी त्या स्वरासाठी गेली, वरच्या स्वराला वापरा. बंदुकीची नळी म्हणजे चांगलं पोलाद, भिंत जाड आणि आतून सरळ, म्हणून नाद लांबतो. साध्या पाण्याच्या पाइपला तो येत नाही, मी करून बघितलंय. आणि टेकवायची कुठं तर दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्के लांबीवर, तिथं नळी हलत नाही. बाकी कुठंही टेकवली तर ठक्क असा मेलेला आवाज. त्यांना हे सूत्र कुणी सांगितलं नसणार, सरकवत सरकवत कानानंच सापडलं असणार.

आता @खर्जातला_सा यांचा मुद्दा, नळी हलत नाही. बरोबर. पण म्हणूनच वृंदात ती उपयोगी! पंधरा पोरं, थंडी-उन्हानं तारा चढतात-उतरतात, उन्हाळ्यात कातडं चढतं, एक तरी वाद्य असं हवं की जे सकाळ-संध्याकाळ फारसं हलत नाही. सगळ्यांनी त्याच्यावर कान लावायचा.

---

विलंबित_एकताल

हा प्रतिसाद धाग्यातला सोन्याचा तुकडा आहे. पिंपरीकाका दंडवत.

---

खर्जातला_सा

यंत्रशाळा, माहितीबद्दल आभार, खरंच. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. कान नळीवर लावायचा म्हणजे श्रुती, स्वरातले बारीक फरक, गेली.

---

बडोदेकर_मुक्काम_एडिसन

कुणीतरी बडोद्याचं नाव घेईल म्हणून थांबलो होतो. नाही घेतलं, म्हणून घेतो.

दरबारी बँड आणि संगीतशाळा ही जोडी मैहरच्या तीस-बत्तीस वर्षं आधी बडोद्यात होती. १८८६ ला सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली, प्रमुख मौलाबक्ष. कुणीही या आणि शिका, वर्ग, वेळापत्रक, मौलाबक्षांनी स्वतःची नोटेशनची पद्धत बसवली, पुस्तकं छापली. आणि दरबारचे गवई-वाजंत्री सगळे एका खात्याखाली, त्याचं नाव कलावंत कारखाना! (आजोबा सांगायचे तेव्हा मला वाटायचं फॅक्टरी होती.) पुढं या सगळ्यावर फ्रेडलिस नावाचा युरोपियन बँडमास्तर बसवला, त्यानंही देशी वाद्यांचा ऑर्केस्ट्रा करायचा घाट घातला. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी बडोद्यातच घेतली. ती गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी आहे.

तरी बडोद्याच्या ऑर्केस्ट्राचं नाव कुणी घेत नाही आणि मैहरचं घेतात. का? माझ्या मते बडोद्यात शिकवणारा वेगळा, बँड चालवणारा वेगळा, दरबारात गाणारे आणखी वेगळे. खाती होती. मैहर एवढं लहान होतं की सगळं एकाच माणसाच्या अंगावर आलं. लहान संस्थानाचा फायदा झाला म्हणायचा.

---

घाटावरचा_तबलजी

लहान संस्थान आणि एकच माणूस, शिवाय त्या माणसाचा हात! बाबांच्या रागाच्या गोष्टी ऐकल्यात का? तबल्याची हातोडी काय, छडी काय, जे हातात येईल ते. रविशंकरांना फक्त शब्दानं मारलं होतं, जा बांगड्या भर म्हणाले, तर ते बॅग भरून निघाले होते मैहरहून, अली अकबरनं थांबवलं. ते बडे घरचे, युरोप बघून आलेले. बँडमधली अनाथ पोरं कुठं जाणार होती? बॅग पण नसेल. म्हणून म्हणतो, फार रोमँटिक करू नका. आपल्या पिढीनं गुरूचा मार फार मिरवला आणि माझ्या एका गुरूंनी माझ्या बोटांवर जे केलं त्याचं कौतुक मला अजूनही वाटत नाही.

---

तरफेची_तार

@घाटावरचा_तबलजी हे लिहिलंत ते बरं केलंत. मी मुद्दाम टाळत होते, टाळायला नको होतं. त्या काळात सगळे मारायचे असं म्हणून सुटता येत नाही. पण त्याच माणसाच्या घरात ही मुलं जेवायची हेही आहे, दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्याचं काय करायचं कळत नाही.

@बडोदेकर एकाच माणसाच्या अंगावर, हे मला हवं होतं ते वाक्य.

@खर्जातला_सा आता तुमच्याकडे येते. श्रुतीचा मुद्दा मान्य, तेवढ्यापुरता. पण वृंदाला तेच मोजमाप लावायचं कशाला? आलाप ऐकायला कुणी बँडकडे जातच नाही. बँडची रचना म्हणजे बंदिश, तिचा आकार, कुठलं वाद्य कधी शिरतं नि कधी बाजूला होतं, लय कशी चढते. आणि ज्याला तुम्ही कवायत म्हणताय तिच्यातून पुढं काय निघालं ते बघा. सरोदिये तिमिरबरन मैहरात बाबांकडे शिकले आणि नर्तक उदयशंकरांच्या (रविशंकरांचे थोरले भाऊ) नृत्यसंचाचं संगीत करायला गेले, वाद्यवृंद घेऊन. १९३५-३६ मध्ये खुद्द बाबा त्या संचाबरोबर युरोपात गेले. रविशंकर तेव्हा कोवळे, त्याच संचात नाचत होते, तिथंच त्यांना बाबा सापडले. पुढं १९५२ ला दिल्ली आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला तेव्हा हिंदुस्थानी बाजूला कोण? रविशंकर. दक्षिणेकडच्या बाजूला टी. के. जयराम अय्यर. आपण लहानपणी रेडिओवर जो वाद्यवृंद ऐकला, दुपारी, कुणी मुद्दाम लावलेला नसायचा पण लागलेला असायचा, त्याचं आजोळ मैहर आहे.

---

कोल्हापुरी_ठसका

उदयशंकरांचा विषय काढलाच आहे तर विष्णुदास शिराळींना विसरू नका. त्या संचाचे संगीत दिग्दर्शक तेही होते, आणि ते शिष्य कुणाचे? पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे. म्हणजे पलुसकरांच्या शाळेतला माणूस आणि मैहरचे बाबा एकाच जहाजातून गेलेत.

मला खरं तर पलुसकरांशीच तुलना करायचीय. गांधर्व महाविद्यालय, लाहोर, ५ मे १९०१. राजाच्या पैशावर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटाच्या जलशांवर. तिथंही गरीब पोरांना राहायला-जेवायला फुकट, उपदेशक वर्ग म्हणायचे, बदल्यात काही वर्षं शाळा सोडायची नाही असं लिहून घ्यायचे. मग १९०८ ला मुंबई, मोठी इमारत, त्यासाठी कर्ज, आणि त्या कर्जातच १९२० च्या दशकात इमारत गेली. पण शिष्य गावोगावी पसरले होते म्हणून काम राहिलं, पलुसकर गेले १९३१ ला आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं. आज अर्धा महाराष्ट्र प्रवेशिका ते अलंकार त्याच परीक्षा देतो.

म्हणजे दोन प्रयोग एकाच वेळचे. एका शाळेनं परीक्षा आणि सर्टिफिकेट दिलं नि देशभर गेली. दुसरीनं एकच बँड दिला नि तो गावातच राहिला. पलुसकरांची पोरं पांगली, प्रत्येकानं आपलं विद्यालय काढलं, बँडची पोरं एकटी पांगून काय करणार, एकट्या चेलोवाल्यानं गावात जाऊन काय शिकवायचं?

माझं मत म्हणाल तर पलुसकरांच्या पद्धतीत संगीत जास्त लोकांपर्यंत गेलं. पण त्यातल्या किती जणांना दुसऱ्याबरोबर वाजवता येतं हे विचारू नका. विशारद झालेल्या चौघांना एकत्र बसवून एक धून वाजवायला सांगा, मग कळेल.

---

खर्जातला_सा

ठसका, हे शेवटचं मात्र खरं. मी स्वतः विशारद आहे आणि गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला हार्मोनियम-बासरी-व्हायोलिन जमेना म्हणून आम्ही आळीपाळीनं वाजवलं, ते जुगलबंदी म्हणून खपलं.

तरी रेडिओचा वाद्यवृंद मला दुपारीही आवडायचा नाही. सॉरी.

---

मडगावचो_भाव

:D :D आवडायचा नाही तरी लक्षात राहिलाय ना!

---

निषाद_कोमल

जाता जाता, आपल्या मराठी माणसाचं एक नाव राहिलं. व्हायोलिनवाले वि. गो. जोग, वाईकडचे. श्रीकृष्ण रातंजनकरांचे शिष्य, पण बाबांकडेही शिकले. पुढं कलकत्त्यात स्थायिक. आणि ते ज्या तऱ्हेनं कुणाहीबरोबर जोडीनं बसायचे, बिस्मिल्ला खाँच्या सनईबरोबरची त्यांची जुगलबंदी तर प्रसिद्धच, ते बघता @तरफेची_तार यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं.

बासरीवाले पन्नालाल घोषांनाही बाबांचा गंडा (शिष्यत्वाचा धागा) १९४७ ला मिळाला, ते तेव्हा मुंबईत नावाजलेले होते, सिनेमात कामं केलेली, तरी पुन्हा शिष्य म्हणून बसले.

आणि अन्नपूर्णादेवी तर आयुष्याचा मोठा भाग मुंबईतच, वॉर्डन रोडला, आकाशगंगा बिल्डिंगमध्ये, २०१८ ला गेल्या. कार्यक्रम बंद, रेकॉर्डिंग नाही, फक्त शिकवायचं. हरिप्रसाद चौरसिया तिथंच शिकले, नित्यानंद हळदीपूर तिथंच. मैहरचं अर्धं मैहर मुंबईत सहाव्या मजल्यावर होतं असं म्हणायला हरकत नाही.

---

घाटावरचा_तबलजी

पण कुणीतरी सांगा ना, संस्थान विलीन झाल्यावर बँडला पगार कोण देत होतं? मला या धाग्यात सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच आहे. नाटक कंपन्या बुडाल्या तेव्हा आमच्याकडचे ऑर्गनवाले, सारंगिये कुठं गेले ते विचारलं तर कुणी सांगत नाही.

---

तरफेची_तार

सरकार. १९४८ ला मैहर विंध्य प्रदेशात गेलं, १९५६ ला तो प्रदेश मध्य प्रदेशात. बँड सरकारी झाला म्हणजे राजाच्या पदरचे वादक सरकारी नोकर झाले. त्यातून एक चांगलं झालं आणि एक वाईट. चांगलं हे की बंद पडला नाही, माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा. वाईट हे की जागा म्हणजे पोस्ट, आणि पोस्ट भरायला फाइल लागते. ज्या वाद्याचा माणूस गेला ते वाद्य पेटीत. बाबांच्या काळात मुलगा लहानपणापासून शेजारी बसून सगळ्या रचना अंगात मुरवायचा, मग कुणी गेलं तर दुसरा सरकायचा, तो क्रम एकदा तुटला की नुसती भरती करून जुळत नाही. शेकड्यानं रचना होत्या म्हणतात. बाबांनी स्वतः केलेले राग, हेमंत, हेमबिहाग, मदनमंजरी (हा बायकोच्या नावाचा, मदिना बेगम ऊर्फ मदनमंजरी), हे एकट्याच्या मैफलीतून ऐकायला मिळतात. बँडच्या रचना मात्र बँड वाजला तरच आहेत. तिथं एखादी विसरली गेली तर ती कुणाच्या घरी जपलेली नाही.

म्हणून मला त्या पहिल्या तुकडीतल्या मुलांचं वाटतं. अली अकबरनी कलकत्त्यात १९५६ ला कॉलेज काढलं, १९६७ ला कॅलिफोर्नियात, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बाझलला, तीन खंडांत शाळा. रविशंकरांचं तर काय सांगायला नको. आणि ही पोरं त्याच गुरूकडे, त्याच गावात, त्यांच्याहून आधी शिकायला लागली आणि आयुष्यभर मैहरात वाजवत राहिली. दोघांच्या हातात फरक होता हे उघड आहे, पण त्यांनाच डावीकडच्या कोपऱ्यातला चेलो म्हणून सोडून द्यायचं हे बरोबर नाही.

---

बडोदेकर_मुक्काम_एडिसन

अली अकबर कॉलेजला, कॅलिफोर्नियात सॅन राफेलला, मी एकदा गेलोय. तिथंही वृंद वाजवतात, गोरी मुलं सरोद-सतार-व्हायोलिन घेऊन एकत्र. तेव्हा मला वाटलं अमेरिकेची सोय म्हणून करतात, क्लासमध्ये मुलं जास्त नि मास्तर एक. आता हा धागा वाचून वाटतंय की मास्तर मैहरचाच होता, त्याला दुसरं काय सुचणार!

---

खर्जातला_सा

हे बघा, मी हरलो असं कुणी समजू नका. पण बडोदेकरांचं हे उदाहरण जरा अडचणीचं आहे माझ्यासाठी. एकट्याची तालीम मिळालेला मुलगा स्वतः शाळा काढतो तेव्हा वृंदाकडे वळतो, हे मी धरलं नव्हतं. तरी माझं म्हणणं राहतं की ती शिकवायची सोय आहे, ऐकायची कला नाही.

---

कांदेपोहे_विदाऊट_कांदा

काका, शाळेत जे शिकवायला सोयीचं तेच शेवटी टिकतं ना?

आमची काशी-प्रयाग यात्रा होती तेव्हा टूरवाल्यानं मैहरला शारदामातेच्या हजारावर पायऱ्या चढवल्या, परत उतरवल्या आणि गाडीत बसवलं. बाबांचं घर त्याच गावात आहे हे कुणी बोललं सुद्धा नाही. :( परत जायचं तर कधी जावं?

---

तरफेची_तार

फेब्रुवारीच्या आसपास. दरवर्षी तिथं अल्लाउद्दीन खाँ समारोह होतो, मध्य प्रदेश सरकारच्या अकादमीतर्फे, तारखा बदलतात म्हणून आधी बघून घ्या. समारोहात मैहर वाद्यवृंद वाजतो. बाबांचं घर म्हणजे मदिना भवन, बाबा आणि त्यांच्या बेगम दोघांची कबर तिथंच आहे. आणि पायऱ्या बाबाही चढायचे हं, पाच वेळा नमाज पढणारा माणूस आणि शारदामातेचा भक्त, मैहरात कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही. आता रोप-वे झालाय, गुडघे सांभाळा.

---

यंत्रशाळा_पिंपरी

कुणी गेलात तर नलतरंगाच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी आणि सगळ्यात लांब नळीची लांबी मोजून आणा, टेप खिशात ठेवा. परवानगी विचारून. मला त्या लांबीवरून त्यांचा सा काढायचाय.